आपत्तीत रेडिओ चालायला हवा

महोदय,

वादळ-पुराच्या बातम्यांसोबत ‘मोबाइल चार्ज करून ठेवा’ एवढाच सल्ला छापला जातो. तो अपुरा आहे. वीज गेली की मोबाइल टॉवर बॅटरीवर काही तासच तग धरतात. मग आधार उरतो सेलवर चालणाऱ्या साध्या रेडिओचा. मात्र सेल आत घालून तो कपाटात टाकू नका. पडून राहिलेले सेल पाझरतात, स्प्रिंगवर पांढरी पूड चढते आणि ऐनवेळी रेडिओ मुका राहतो. सेल काढून वेगळे ठेवा. पूड आलीच, तर हातमोजे घालून कापसाने थोडे व्हिनेगर लावा आणि कोरडे पुसा. मीडियम वेव्हवर (रेडिओच्या एएम पट्ट्यावर) खरखर आली, तर रेडिओच सावकाश फिरवून पाहा. मीडियम वेव्हची अँटेना आतल्या फेराइट (चुंबकीय पदार्थाच्या) कांडीवर असते, म्हणून रेडिओची दिशा बदलावी लागते; बाहेरची दांडी एफएमसाठी.

रेंज क्षीण असताना फोन टॉवर शोधण्यातच बॅटरी संपवतो. म्हणून तो एअरप्लेन मोडवर ठेवा, ठरावीक वेळी उघडा आणि एसएमएस करा. कॉल लागत नसतानाही तो अनेकदा पोहोचतो. घरच्यांचे नंबर कागदावर हवेतच. पाणी माणशी रोज ४ लिटर, किमान ३ दिवसांचे.

– एक वाचक