तक्रार पत्र: कॅप्सूल कॉफी मशीनमधील गळती आणि सेवा केंद्राने केलेली अपुरी तपासणी

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: हमी कालावधीतील कॉफी मशीनच्या सदोष कॅप्सूल कप्प्याबाबत

महोदय,

दि. २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, मी आपल्या कंपनीचे घरगुती कॅप्सूल कॉफी मशीन (कॉफी पूड भरलेल्या छोट्या बंद कुप्यांवर, म्हणजे कॅप्सूलवर, चालणारे) नाशिक येथील कॉलेज रोडवरच्या एका दुकानातून ९,४९० रुपयांना खरेदी केले. बिलाची व दोन वर्षांच्या हमीपत्राची प्रत सोबत जोडली आहे. पहिले तीन महिने मशीनने उत्तम काम केले, हे आधीच नमूद करतो. एवढ्या किमतीत घरी इतकी चांगली एस्प्रेसो मिळेल अशी माझी अपेक्षाही नव्हती. माझी तक्रार आहे ती जानेवारीच्या मध्यापासून या मशीनमध्ये निर्माण झालेल्या एका नेमक्या दोषाबद्दल, आणि तो न शोधताच ‘मशीन ओके’ असा शेरा मारून ते परत करणाऱ्या आपल्या सेवा केंद्राबद्दल.

पूर्वी एस्प्रेसोचे बटण दाबले की सुतासारखी बारीक धार सलग पडत असे आणि कपात बदामी रंगाचा इतका दाट फेस जमे की वरून टाकलेली साखर क्षणभर त्यावर तरंगून मग हळूच खाली जाई. आता तीच धार फुरफुरत, तुटक-तुटक पडते, दोन-चार मोठे बुडबुडे येतात आणि कप टेबलावर ठेवेपर्यंत तेही विरून जातात. कॉफी पातळ आणि आंबट लागते, आणि प्रमाणानेही निम्म्याच्या थोडी वरच भरते.

मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय दोष देण्याची मला सवय नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मी नवीन पाकिटातील सलग नऊ कॅप्सूल वापरून दर वेळी टाकीतले, कपातले आणि वापरलेल्या कॅप्सूलच्या डब्यातले पाणी स्वतंत्रपणे तोलले. सरासरी अशी आली: टाकीतून ४७ ग्रॅम पाणी गेले, त्यांपैकी कपात २४ ग्रॅम उतरले, १५ ग्रॅम मागच्या डब्यात सांडले आणि उरलेले सुमारे ८ ग्रॅम कॅप्सूलमधल्या ओल्या चोथ्यात राहिले. त्यानंतर कॅप्सूल न घालता तेच बटण दाबले, तेव्हा जवळपास सगळे ४७ ग्रॅम पाणी कपात आले आणि डबा कोरडा राहिला. याचा अर्थ पंप पाणी पुरवतो आहे, पाण्याचे मोजमापही बरोबर होते आहे. पण कॅप्सूल बसवून दाब निर्माण होऊ लागला की पाणी कॉफीतून न जाता कॅप्सूलच्या कडेने वाट काढते.

वापरलेल्या कॅप्सूलही हेच सांगतात. खालचा अॅल्युमिनियमचा वर्ख दाबामुळे आतल्या जाळीदार चकतीवर फुगून सगळीकडे चौकोनी भोकांनी फाटायला हवा, आणि डिसेंबरपर्यंत तो तसाच फाटत असे. आता अर्ध्या भागातच भोके पडतात. उरलेल्या अर्ध्या भागात नुसते खळगे उमटतात. अशा सहा कॅप्सूल मी धुऊन, वाळवून जपून ठेवल्या आहेत. माझ्या आईने एकदाच ओणवे होऊन मशीनकडे पाहिले आणि म्हणाली, “अरे, ही तर कुकरची रिंग गेल्यासारखी गत आहे, शिटी होणार कशी?” आपल्या हेल्पलाइनवर चार वेळा बोलूनही मला इतके नेमके निदान मिळाले नव्हते.

आपल्या खोक्यावर ‘१९ बार’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. तो पंपाचा कमाल दाब असतो, याची मला कल्पना आहे. एस्प्रेसोसाठी कॉफीवर प्रत्यक्ष ९ बारच्या आसपास दाब आणि ९० ते ९६ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी पुरेसे मानले जाते. परंतु कप्प्याचे रबरी सील कॅप्सूलच्या कडेला घट्ट बसत नसेल, तर पंप कितीही जोरदार असला तरी दाब टिकत नाही. मग कॉफीतील तेलकट अंश आणि वायू एकत्र येऊन बनणारा तो फेसही तयार होत नाही, आणि खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहतो.

हेल्पलाइनवरील प्रतिनिधींनी दर वेळी निराळे कारण दिले. आधी इतर कंपनीच्या कॅप्सूल वापरल्या असतील असे सांगण्यात आले. मी केवळ आपल्याच कॅप्सूल वापरतो आणि त्यांची सर्व बिले माझ्याकडे आहेत. मग नाशिकच्या पाण्यात क्षार जास्त असल्याचे सांगण्यात आले. आमच्याकडे बोअरचे पाणी नाही, महापालिकेचे गंगापूर धरणातून येणारे पाणी आहे. मशीनसोबत आलेली चाचणी पट्टी त्यात बुडवून पाहिली तर ती सर्वांत खालची पातळी दाखवते. तरीही प्रतिनिधीच्या सांगण्यावरून मी आपलेच डीस्केलिंगचे (साचलेले क्षार काढण्याचे) द्रावण विकत घेऊन पूर्ण प्रक्रिया केली आणि बटणाचे प्रमाणही मूळ सेटिंगवर आणले. फरक पडला नाही. कप पुरेसा गरम नसेल, असाही एक सल्ला मिळाला. पहिल्या कपापूर्वी कॅप्सूल न घालता नुसते गरम पाणी सोडून मशीन आणि कप दोन्ही तापवून घेण्याची माझी सवय पहिल्या दिवसापासूनची आहे. खरे तर हा उपयुक्त सल्ला आपल्या माहितीपुस्तिकेतच ठळकपणे द्यायला हवा.

शेवटी दि. ९ फेब्रुवारी रोजी मी मशीन आपल्या नाशिकमधील अधिकृत सेवा केंद्रात स्वतः नेऊन दिले. जॉब शीटवर ‘कॅप्सूल कप्प्यातून गळती’ असे मी माझ्या हाताने लिहिले होते. अकरा दिवसांनी मशीन ‘तपासले, मशीन ओके’ या शेऱ्यासह परत मिळाले आणि तपासणी शुल्क म्हणून ३५० रुपये घेण्यात आले. तपासणी कशी केली, असे विचारल्यावर तंत्रज्ञाने सांगितले की, केंद्रात कॅप्सूल उपलब्ध नसल्याने नुसते पाणी सोडून पाहिले आणि पाणी व्यवस्थित आले. कॅप्सूलशिवाय पाणी व्यवस्थितच येते, हे वर मी आकड्यांसह लिहिले आहे. या गळतीसाठी कॅप्सूल बसवून केलेली चाचणी हीच एकमेव खरी चाचणी आहे, आणि नेमकी तीच झालेली नाही. तंत्रज्ञ सौजन्याने वागला, त्याच्याविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही. मात्र कॅप्सूल मशीनच्या सेवा केंद्रात कॅप्सूल नसणे ही उणीव आपली आहे.

माझी मागणी अशी की, मशीनच्या कॅप्सूल कप्प्याचे सील, आणि गरज असल्यास संपूर्ण कप्पा, हमीअंतर्गत विनामूल्य बदलून द्यावा व त्यानंतर माझ्या समक्ष किमान तीन कॅप्सूल वापरून चाचणी करावी. हे शक्य नसल्यास मशीन बदलून द्यावे किंवा पूर्ण रक्कम परत करावी. हमी कालावधीत घेतलेले ३५० रुपयांचे शुल्क मात्र कोणत्याही परिस्थितीत परत मिळावे. कपात कॉफी उतरण्याऐवजी डब्यात पाणी सांडत वाया गेलेल्या तीस-एक कॅप्सूलची भरपाई मी मागत नाही, पण त्या प्रत्येकी ५५ रुपयांच्या होत्या, एवढे नोंदवून ठेवतो.

या पत्राच्या प्राप्तीपासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ येथे नोंद करावी लागेल आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागेल. सुमारे शंभर रुपयांच्या रबरी सीलसाठी तिथवर जाण्याची माझी इच्छा नाही, आणि आपलीही नसावी.

तपासणीसाठी आपला प्रतिनिधी कोणत्याही रविवारी सकाळी घरी येऊ शकतो. कॅप्सूल माझ्याकडे आहेत.

कळावे,

आपला विश्वासू,
एक ग्राहक
गंगापूर रोड, नाशिक

सोबत: बिल, हमीपत्र व जॉब शीट यांच्या प्रती, वजनांच्या नोंदींचा कागद, वापरलेल्या कॅप्सूलची छायाचित्रे