चावडी पाडू नका, दुरुस्त करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावची (ता. खटाव, जि. सातारा) जुनी चावडी पाडून तिथं स्लॅबचं सभागृह बांधायचा ठराव नुकताच झाला. मी ग्रामसभेत विरोध केला, तो इतिवृत्तात लिहिलाच नाही. म्हणून हे पत्र.

लहानपणी चावडीपुढनं जाताना आई वहाणा हातात घ्यायची, पदर पुढं ओढायची. बाईमाणसानं पायरी चढायची नाही आणि गावकुसाबाहेरच्यांनी खाली उभं राहूनच बोलायचं, अशी रीत. पाटीलकी कायद्यानं 1963 मध्ये गेली. रीत जायला त्याहून कितीतरी जास्त वर्षं लागली. हेही त्या पायऱ्यांनी पाहिलंय आणि ते पुसलं जाऊ नये असं मला वाटतं.

1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं चालवली. आमच्या चावडीतही रेडिओ आला. आधी कार्यक्रम ऐकायचा, मग मंडळींनी त्यावर बोलायचं. मी तेव्हा सहा वर्षांची. वडिलांना जेवायला बोलवायच्या निमित्तानं जायचे आणि बाहेर लिंबाखाली उभी राहून सगळं ऐकायचे. रेडिओ ठेवायची फळी मधल्या खांबाला आजही आहे. तिचे चारही खिळे घट्ट आहेत.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते. आमचं हजेरीपत्रक याच ओसरीवर वाचलं जायचं. नाव पुकारेपर्यंत जीव टांगणीला लागायचा.

पुढं 73 व्या घटनादुरुस्तीनं बायकांना जागा मिळाल्या आणि 1997 मध्ये मी सदस्य झाले. पहिल्या बैठकीला पायात वहाणा घालूनच पायऱ्या चढले. आई लिंबाखाली उभी होती. सवयीनं ओरडली, "अगं, वहाणा काढ!" मी काढल्या, पण वर, दाराशी. बाकीचे सदस्य काढत होते तिथंच.

सभागृह गावाला हवंच आहे, लग्नाचे मांडव रस्त्यात पडतात. पण बाजारतळाशेजारी पंचायतीचीच जागा मोकळी आहे. चावडीची मागची भिंत ढासळलीय, कौलं फुटलीत, एवढंच. सागवानी तुळया मी गवंड्याकडून ठोकून बघितल्या, एकीलाही वाळवी नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत मी विरोध लेखी देणार आहे आणि त्याची पोच घेणार आहे. गावातल्या बायकांनी त्या दिवशी जरूर यावं.

आपली,
एक माजी ग्रामपंचायत सदस्या, ता. खटाव