अतिदक्षता विभागातील सिस्टरांस आभारपत्र

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) माझ्या वडिलांची बायपास शस्त्रक्रिया झाली, तेव्हा अतिदक्षता विभागात आपण त्यांची शुश्रूषा केलीत. डॉक्टरांचे आभार आम्ही तेथेच मानले. बाबांना वॉर्डात हलवले तेव्हा आपली पाळी नव्हती, म्हणून हे पत्र.

शस्त्रक्रियेपूर्वी बाबांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारा टाकाऊ घटक) ०.९ होते, ते दुसऱ्या दिवशी १.३ झाले. रिपोर्टवर हा फरक किरकोळ दिसतो. परंतु ४८ तासांत ०.३ इतकी वाढ झाली तरी ती मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण मानतात, आणि हृदयशस्त्रक्रियेनंतर अशी सौम्य इजा झालेल्या रुग्णांतही न्यूमोनिया किंवा जखमेतला जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो, हे आपण आम्हांला न घाबरवता, पुरेसा वेळ देऊन समजावलेत.

आपली खरी कसोटी लघवीच्या नळीपाशी होती, असे मला वाटते. मूत्रपिंडे सावरत आहेत की नाही हे कळण्यासाठी दर तासाची लघवी मोजणे भाग होते. साठ किलो वजनाच्या बाबांना तासाला निदान ३० मिलिलिटर तरी व्हायला हवी होती. त्यासाठी नळी हवी, आणि जंतूंना आत शिरायला वाटही तीच. म्हणून राउंडला आलेल्या डॉक्टरांना आपण रोज न चुकता विचारत होता, ‘ही अजून ठेवायची का?’ मानेतल्या नळीविषयीही तोच प्रश्न. गरज संपताच दोन्ही नळ्या निघाल्या. बाबांना मधुमेह असल्याने साखरेवरही आपले तितकेच बारीक लक्ष होते.

छाती दुखते म्हणून फार्मसीतून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर आणू नका, त्याने मूत्रपिंडांवर पुन्हा ताण येईल, ही आपली सूचना आईने औषधांच्या डब्यावर चिकटवून ठेवली आहे. गणेश चवथीला डिचोलीच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. यंदा आलेल्या प्रत्येकाला आम्ही आधी हात धुवायला लावले, आणि सर्दी-खोकला असलेल्यांना बाबांपासून दूर बसवले. कोणी वाईट वाटून घेतले नाही.

बाबांचे क्रिएटिनिन आता १.० आहे, छातीची जखम कोरडी आहे आणि तपासण्या वेळच्या वेळी चालू आहेत. त्या दिवसांत आपल्याबरोबर पाळीवर असलेल्या इतर सिस्टरांनाही हे पत्र वाचून दाखवावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा, डिचोली