व्हिसाची तयारी झाली, न्हाणीघराची राहिली

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातील शिक्षणाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात प्रवेश, शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि व्हिसा यांचाच भरणा असतो. विद्यार्थी विमानातून उतरल्यावर ज्या घरात पहिली रात्र काढतो, त्या घराविषयी सहसा कोणी बोलत नाही. जपानमधील ओकायामा येथे एका यजमान कुटुंबात सहा महिने राहून, तिथल्या विद्यापीठात शिकून मी नुकतीच पुण्याला परतले आहे. त्यातले पहिले दहा दिवस इतके संकोचात गेले की, इथून निघण्यापूर्वी एखादी संध्याकाळ जरी कोणी या विषयावर खर्च केली असती तरी यजमानांचा आणि माझा बराच मनस्ताप टळला असता. म्हणून हे पत्र.

सुरुवात न्हाणीघरापासून झाली. जपानी घरात आंघोळ साधारणतः रात्री करतात. टबाबाहेर छोट्या स्टुलावर बसून आधी अंग साबणाने स्वच्छ धुवायचे आणि मग खोल टबातल्या गरम पाण्यात नुसते बसून राहायचे, अशी ती रीत आहे. टबातले पाणी घरातल्या सगळ्यांसाठी एकच असते. एकामागून एक सगळे त्यात बसतात आणि मधल्या वेळात पाणी निवू नये म्हणून टबावर झाकण घालून ठेवतात. पाहुणी म्हणून पहिला मान मला मिळाला. दुसऱ्याच्या घरची मोरी वापरली की ती स्वच्छ करूनच बाहेर यावे, या आजीच्या शिकवणीनुसार मी टबाचे बूच काढले, सगळे पाणी सोडून दिले आणि टब घासूनपुसून लख्ख केला. बाहेर चार माणसे आपापल्या पाळीची वाट पाहत होती. कोणी एक शब्द बोलले नाही. सकाळी मात्र न्हाणीघराच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. त्यावर बुचाचे चित्र, त्यावर लाल फुली आणि मला वाईट वाटू नये म्हणून शेजारी एक हसरा चेहरा. तेच पाणी सकाळी नळीने ओढून कपडे धुण्याच्या यंत्रात घेतात, हे त्यानंतर आठवड्याने कळले. म्हणजे घरच्यांच्या आंघोळीबरोबर दुसऱ्या दिवशीच्या धुण्याचेही पाणी मी वाहवून टाकले होते.

यावर कोणी म्हणेल, भाषा येत होती ना, मग विचारायचे होते. जपानी भाषेच्या पात्रता परीक्षेची एन-३ ही पाचांतली मधली पातळी मी उत्तीर्ण झाले होते. पुण्यात जुलै आणि डिसेंबरमध्ये ही परीक्षा देणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि त्या प्रमाणपत्राला नोकरीच्या बाजारात किंमतही आहे. परंतु तिच्यात शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. बोलण्याची परीक्षा मुळात नसतेच. परिणामी, एकही वाक्य तोंडाने न उच्चारता ही पातळी गाठता येते, आणि मी ती जवळजवळ तशीच गाठली होती. शिवाय वर्गात शिकलेली अदबशीर जपानी घरात कोणी बोलत नव्हते. घरातल्या आजी तर ‘खूप’ या अर्थी ‘बोक्के’ असा अस्सल ओकायामाचा शब्द वापरत. पुस्तकातून मराठी शिकलेल्या माणसाला कोल्हापुरात उतरल्याबरोबर ‘लई’ ऐकू यावे, तशी माझी गत झाली.

सर्वांत मोठी अडचण हाक मारण्याची होती. आपल्याकडे कोणत्याही अनोळखी स्त्रीला ‘काकू’ म्हटले की काम भागते. त्याला कोशात सापडणारा ‘ओबासान’ हा जपानी शब्द मात्र बाईंना वय दाखवून दिल्यासारखा लागू शकतो. मी तो पहिल्याच जेवणाच्या वेळी वापरला. त्यांच्या मुलाने तोंडावर हात धरून हसू दाबले. ‘आई’ या अर्थाचा ‘ओकासान’ हा शब्द जिभेवर यायला मला पाच दिवस लागले, कारण आपल्या आईखेरीज कोणाला आई म्हणणे मला अवघड वाटत होते.

जेवणाबाबतही चूक माझीच. अर्जात मी ‘शाकाहारी’ एवढा एकच शब्द लिहिला होता. यजमानीणबाईंनी मांस आणि मासळी कटाक्षाने वगळली; पण रोजच्या मिसो सूपचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सुपाचा) आधार असलेले ‘दाशी’ हे पाणी बहुतेक घरांत सुकवलेल्या बोनितो माशाच्या पापुद्र्यांपासून करतात, हे मला ठाऊक नव्हते, आणि सुपात माशाचा तुकडा दिसत नाही तोवर ते शाकाहारीच, असे त्या समजून चालल्या होत्या. चौथ्या दिवशी हे उमगले तेव्हा मला रडू आले, आणि त्याहून जास्त त्या कष्टी झाल्या. वास्तविक कोम्बु नावाच्या समुद्री वनस्पतीपासून किंवा सुक्या शिताके अळिंबीपासूनही उत्तम दाशी होते, आणि पुढे घरात तेच होऊ लागले. नुसते ‘शाकाहारी’ लिहिण्याऐवजी ‘माशाचा अर्कही चालत नाही’ असे स्पष्ट लिहायला मला कोणी सांगितले असते, तर हे घडले नसते.

आता थोडे पालकांविषयी, आणि हे माझ्या आईच्या परवानगीने लिहीत आहे. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आमच्या घरी रात्री साडेआठला जेवणे आटोपून व्हिडिओ कॉल लागे, तेव्हा तिथे बारा वाजलेले असत आणि कागदी सरकत्या दारापलीकडे आजी झोपलेल्या असत. मी पांघरुणात तोंड घालून कुजबुजत असे, आणि त्यावरून मुलगी दुःखी आहे, असा निष्कर्ष पुण्यात निघे. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, यजमानांच्या सोयीच्या वेळी बोलण्याचे आधीच ठरवलेले बरे.

हे सगळे वाचून यजमानांविषयी गैरसमज होऊ नये. मुक्कामाच्या ठिकाणी आल्यापासून चौदा दिवसांत पत्त्याची नोंद करावी लागते. त्यासाठी घरातले काका अर्ध्या दिवसाची रजा काढून माझ्याबरोबर नगर कार्यालयात आले. पहिल्या रविवारी त्यांनी मला कोराकुएन उद्यान दाखवले. सन १७०० मध्ये पूर्ण झालेले हे उद्यान जपानमधील तीन श्रेष्ठ उद्यानांपैकी एक मानले जाते. त्याच्याच धर्तीवरचे उद्यान पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान म्हणून आहे आणि लहानपणी मी तिथे माशांना पाहत बसत असे, एवढे मी मोडक्यातोडक्या भाषेत सांगितले मात्र, काका तळ्याकाठी थांबून एकामागून एक प्रश्न विचारू लागले. आमचे पहिले खरे संभाषण ते. त्याच संध्याकाळी माझ्या ध्यानात आले की, घरातून निघताना जपानी माणूस जे ‘इत्तेकिमास’ म्हणतो, त्याचा अर्थ ‘जाऊन येते’ असाच आहे, आणि घरातली माणसेही ‘जाऊन ये’ असेच उत्तर देतात. ‘जाते’ म्हणू नये, हे मला कोणी शिकवायची गरजच नव्हती.

मला पाठवणाऱ्या संस्थेने निघण्यापूर्वी तीन तासांचे मार्गदर्शन ठेवले होते. त्यातले अडीच तास विमा, बँक आणि सामानाच्या वजनात गेले, आणि उरलेला अर्धा तास छायाचित्रे काढण्यात. पुण्यातील भाषावर्गांनी आणि विद्यार्थी पाठवणाऱ्या महाविद्यालयांनी परतलेल्या विद्यार्थ्यांना बोलावून, खरा टब, खरे पायताण आणि खरा स्वयंपाक समोर ठेवून अशी एक बैठक घ्यावी, अशी माझी विनंती आहे. जर्मनी किंवा फ्रान्सला जाणाऱ्यांसाठी तिथून परतलेल्यांनी बोलावे. तिथल्या चुका वेगळ्या असणार. जपानपुरती माझी तयारी आहे. बुचाचे ते चित्र मी जपून आणले आहे, तेही घेऊन येईन.

कळावे,
आपली वाचक,
एक विद्यार्थिनी, पुणे