‘ल गू देझोत्र’मध्ये नेमके कोणाला हसायचे?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील फ्रेंच विनोदी चित्रपटांवरील लेखात आन्येस जाउई यांच्या ‘ल गू देझोत्र’ (‘इतरांची अभिरुची’) या २००० सालच्या चित्रपटाची बोळवण ‘विवाहित उद्योगपतीचे उतारवयातील प्रेमप्रकरण’ एवढ्या एका ओळीत करण्यात आली असून, असे चित्रपट विवाहबाह्य संबंधांना हसतहसत मान्यता मिळवून देतात, असा निष्कर्षही त्यावरून काढलेला आहे. हा चित्रपट एकाहून अधिक वेळा पाहिलेला प्रेक्षक म्हणून मला हा निष्कर्ष पटत नाही.

कथानक थोडक्यात असे. रुआँ शहरातील कारखानदार कास्तेला (जाँ-पिएर बाक्री) हा धंद्यापुरते इंग्रजी शिकायला नाखुशीनेच तयार होतो आणि पहिल्याच भेटीत कंटाळून शिक्षिकेला वाटेला लावतो. पुढे भाची एका छोट्या भूमिकेत आहे म्हणून, बायकोबरोबर निमूटपणे, तो सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार रासीनच्या ‘बेरेनिस’ या शोकांतिकेच्या प्रयोगाला जातो. रंगमंचावर बेरेनिसच्या भूमिकेत तीच शिक्षिका, क्लारा (आन अल्वारो), उभी असते आणि आयुष्यात नाटकाच्या वाटेला न गेलेल्या या माणसाचे डोळे भरून येतात. त्यानंतर तो शिकवणी पुन्हा सुरू करतो, क्लाराला मिशा आवडत नाहीत असे कळताच मिशा उतरवतो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेली कविता तिला वाचून दाखवतो. ती नकार देते. उतारवयातील प्रेमाचे उदात्तीकरण करू पाहणाऱ्या चित्रपटाने नायकाची एवढी शोभा करून घेतली नसती.

या चित्रपटाचा विनोद प्रेमापेक्षा अभिरुचीच्या गर्वावर रोखलेला आहे. क्लाराची नट-चित्रकार मंडळी कास्तेलाच्या अज्ञानाची त्याच्या समोरच थट्टा करतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. प्रेक्षक म्हणून आपणही त्यांच्यात बसून हसत असतो. प्रायोगिक नाटकाला जाणाऱ्यांनी व्यावसायिक नाटकाच्या गर्दीकडे कोणत्या नजरेने पाहायचे, हे आपल्याकडे शिकवावे लागत नसल्याने मराठी प्रेक्षकाला हा प्रसंग उपरा वाटण्याचे कारण नाही. पुढे कास्तेला क्लाराच्या परिचयातील एका चित्रकाराची चित्रे विकत घेतो आणि कारखान्याच्या दर्शनी भिंतीचे कामही त्याला देऊ करतो, तेव्हा मित्रांनी या भोळ्या माणसाला लुबाडले, अशा समजुतीने क्लारा त्याला सावध करायला जाते. कास्तेला शांतपणे तिला विचारतो की, मला ती चित्रे खरोखरच आवडली असतील, असे तुम्हाला क्षणभरही वाटले नाही का? तिच्याकडे उत्तर नसते. माझ्या मते साऱ्या चित्रपटाचा काटा इथे फिरतो, कारण आतापर्यंत ज्याला हसलो तो माणूस आपल्याहून मोकळ्या मनाने चित्र पाहू शकतो, हे क्लाराबरोबर आपल्यालाही मान्य करावे लागते.

जाउई आणि बाक्री यांच्या पटकथेची खुबी अशी की, ती कास्तेलालाही सोडत नाही. त्याच्याच कंपनीतील वेबर हा उच्चशिक्षित अधिकारी केवळ नीटनेटके, पुस्तकी बोलतो म्हणून कास्तेलाच्या डोळ्यांत सलत असतो. म्हणजे ज्या तुच्छतेचा तो बळी आहे, तिची उलटी आवृत्ती तो स्वतःही जवळ बाळगतो. याच जोडीने लिहिलेल्या आणि सेड्रिक क्लापिश यांनी १९९६ मध्ये पडद्यावर आणलेल्या ‘अँ एर द फामिय’मध्येही एका कुटुंबाच्या कॅफेतील एका संध्याकाळीतून हेच दिसते की, घरात कोणाला हुशार आणि कोणाला बावळट ठरवायचे याचे निकाल फार पूर्वीच लागलेले असतात. फ्रेंच चित्रपटांसाठीच्या २००१ च्या सेझार पुरस्कारांत ‘ल गू देझोत्र’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाबरोबर पटकथेचाही पुरस्कार मिळाला, तो उगीच नव्हे.

लेखकाला आक्षेप घ्यायचाच होता तर त्यासाठी जागा होती, पण ती वेगळी. कास्तेलाची पत्नी आंजेलिक ही गृहसजावटीची हौस असलेली बाई. फुलाफुलांचे कापड आणि भिंतींवरचा कागद हा तिचा प्रांत, आणि कुत्र्याइतका जिव्हाळा ती माणसांना लावत नाही. नवऱ्याने आणलेले चित्र घरात शोभत नाही म्हणून ती ते उतरवते, तेव्हा तिच्या आवडीला मात्र चित्रपट हास्यास्पदच ठेवतो. इतरांच्या अभिरुचीचा आदर करा, असे सुचवणारी पटकथा या एका बाईच्या अभिरुचीपाशी येऊन अडखळते आणि संसार मोडताना तिच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाला पुरेसा अवकाश देत नाही. विवाहबाह्य प्रेम दाखवले, या तक्रारीपेक्षा फसवल्या गेलेल्या पत्नीला विनोदाचा विषय केले, ही तक्रार अधिक वजनदार ठरली असती आणि मीही तिच्याशी सहमत झालो असतो.

आपला,
एक वाचक, पुणे