काका, दार अजून एका बोटाने बंद होतंय

प्रिय काका,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही लगेच "जेवलीस का" विचारून विषय बदलता, म्हणून यावेळी सगळ्यांसमोरच लिहितेय.

२००८ मध्ये बीटल कॅब्रिओ, म्हणजे फोक्सवॅगनची उघड्या टपाची बीटल, घेतली तेव्हा मला एवढंच माहीत होतं की ही १९७९ची १३०३ मॉडेल आहे, इथे जर्मनीत, आपल्या ओस्नाब्र्युकमध्येच कारमान ह्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात बनलीये आणि जानेवारी १९८० मध्ये ही गाडी बंदच झाली, म्हणजे अगदी शेवटच्या लॉटमधली. रंग चकाचक, टप चांगला, मी खूश. तीन वर्षांनी ट्यूव्हच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का बघणाऱ्या सक्तीच्या तपासणीत त्या माणसाने दाराखालच्या बॉक्सला स्क्रूड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. आधी कुठल्यातरी गॅरेजने गंजावरच पत्रा बसवून वर काळं अंडरकोटिंग फासलं होतं. मी रडले होते काका, आणि विकायचं नक्की केलं होतं.

तुम्ही आलात, गाडीखाली आडवे झालात, अर्धा तास एक शब्द नाही. मग म्हणालात, "विकू नको. पण कापायची घाई केलीस तर मात्र गेली."

त्याचा अर्थ मला त्या हिवाळ्यात कळला. बीटलच्या ह्या बॉक्समधून हीटरची गरम हवा जाते, ओल आत साचते आणि गंज आतूनच खातो. छप्पर असलेल्या गाडीला वरून तरी आधार असतो, कॅब्रिओचा सगळा भार ह्या बॉक्सवर आणि खालच्या जादा पट्टीवर. ते तसंच कापलं की बॉडी मधोमध वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. तुम्ही आधी दोन्ही दारांच्या जागी लोखंडी नळ्या आडव्यातिडव्या वेल्ड केल्यात, दाराच्या फटी मोजून भिंतीवर खडूने लिहिल्यात, आणि मग एका वेळी एकच बाजू. रोज काम संपलं की परत मोजायचं. एकदा दोन मिलिमीटरचा फरक आला तर दिवसभराचं वेल्डिंग तुम्ही ग्राइंडरने काढून टाकलंत! मला तेव्हा राग आला होता, आता सांगते.

दोन हिवाळे लागले. पैशाचं विचारलं की तुम्ही म्हणायचात "ह्या गाड्यांचा पत्रा मी वीस वर्षं ठोकलाय", आणि २००९ मध्ये कारमान दिवाळखोरीत गेली तेव्हा तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नव्हतात हे काकूंनी मला कितीतरी नंतर सांगितलं. मग समजलं की तुम्ही फक्त माझ्यासाठी नव्हता येत.

टॅपेट सेटिंग, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट लावणं, तेपण तुम्हीच शिकवलंत. इंजिन पूर्ण गार, रात्रभर उभं, फट मोजायच्या फिलर गेजचं ०.१५ मिलिमीटरचं पातळ पान, ते अडकत अडकत सरकलं पाहिजे. अजून मीच करते, अडीच लिटर ऑइल पण मीच बदलते, आणि ओल्डटायमरची, म्हणजे नीट जपलेल्या जुन्या गाड्यांना मिळणारी एच नंबरप्लेट शाबूत आहे.

गेल्या आठवड्यात तुमच्या खडूच्या आकड्यांचा जुना फोटो सापडला म्हणून टेप घेऊन फटी मोजल्या. डावीकडे तेवढीच. उजवीकडे पण तेवढीच.

एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढते. गुडघ्यामुळे गाडीतून उतरायला त्रास होतो म्हणालात ना, मग उतरूच नका, टप खाली करून तुमच्या दारातच उभी करते आणि चहा गाडीतच आणते. काकूंना मागच्या सीटवर शाल घेऊन बसायला सांगा, तिथे वारा लागतो.

तुमची,
खालच्या मजल्यावरची