घरी बीपी उतरवू नका

संपादक महोदय,

पक्षाघाताची शंका आली की घरोघरी आधी बीपीचे यंत्र शोधले जाते. आकडा १९० दिसतो आणि कुणीतरी जिभेखाली गोळी ठेवते. ही मदत नव्हे.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली तरी तिच्यापुढचा सगळा भाग तत्काळ मरत नाही. मेंदूच्या तळाशी वाहिन्यांचे कडे असते, पृष्ठभागावर बारीक जोडवाहिन्या असतात. त्या आडवाटेने थोडे रक्त पोचवतात. मेंदूला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५० मिली रक्त लागते. ते २० च्या खाली गेले की पेशी काम सोडतात, पण तग धरतात. १० च्या आसपास मरू लागतात. मधल्या पेशी आडवाटांवरच जगतात. तिथल्या वाहिन्यांना आपला प्रवाह सांभाळता येत नाही. जेवढा दाब, तेवढे रक्त. गोळीने दाब झपकन पडला की आडवाटही आटते.

म्हणून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन किंवा गुठळी काढण्याची प्रक्रिया करायची नसेल, तर दवाखान्यातही २२०/१२० पर्यंतचे बीपी सहसा घाईने उतरवत नाहीत. इंजेक्शनसाठी ते १८५/११० च्या खाली आणतात, तेही शिरेतून, जपून. मेंदूत रक्तस्राव असेल तर हिशेब उलटा, आणि तो सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. तेव्हा घरी अ‍ॅस्पिरिनही नको. पाणी पाजू नये. गिळता आले नाही तर ते फुप्फुसात उतरते.

तोंड वाकडे, हात लुळा, बोली अडखळलेली दिसली की माणूस शेवटचा ठणठणीत कधी होता ती वेळ लिहून ठेवा, १०८ ला फोन करा आणि रात्रंदिवस सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात न्या. इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. निवडक रुग्णांत गुठळी २४ तासांपर्यंत काढता येते, आणि हे निवडक बहुधा चांगल्या आडवाटांचेच असतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचेही सांगायला हवे. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला होता. अशा उन्हात पाणी कमी पडले की दाब घसरतो. मानेची वाहिनी आधीच अरुंद असलेल्यांना पक्षाघात व्हायला तेवढेही पुरते. लघवी वाढवणारी बीपीची गोळी सुरू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांकडून मात्रा तपासून घ्यावी, स्वतःहून बंद करू नये.

‘नसा मोकळ्या करणारे’ काढे सध्या फार खपतात. त्यांनी नव्या आडवाटा तयार होतात याला पुरावा नाही. वर्षानुवर्षांचे बेलगाम बीपी, साखर आणि तंबाखू यांनी वाहिन्यांचे आतले अस्तर मात्र नक्की खराब होते. सकाळी फुटाळा तलावावर फिरून आल्यावर टपरीवर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

– एक वाचक, धंतोली, नागपूर